सांगशील तेच लिहीन

भुईगाव, वसई
रविवार, २२ जुलै २००७

क्षितिजा,

आधी मावशींना नमस्कार. मावशी, पत्र क्षितिजाचं असलं तरी डोळे तुमचे लागणार, म्हणून ओळख करून देते. मी लूर्डस घोन्साल्विस. क्षितिजाच्या एक वर्ष मागे शिकते. बारावीपासून तिची लेखनिक होते, म्हणजे परीक्षेत ती सांगायची आणि मी लिहायचे. लेखनिक खालच्याच वर्गातला लागतो, नाहीतर तो स्वतःच्या डोक्याने उत्तरं लिहील अशी बोर्डाला भीती. माझ्या बाबतीत बोर्डाने घाबरायचं कारण नव्हतं. आता चष्मा लावा आणि सावकाश वाचा. एकच विनंती, काही गाळू नका. वाचणाऱ्याला गाळायचा मोह होतो, हे मी अनुभवाने सांगते.

क्षितिजा, तू पुण्याला गेलीस हे मला पापडीच्या शुक्रवारच्या बाजारात कळलं. मी आईच्या केळ्यांच्या टोपलीशेजारी बसले होते आणि तुझे पप्पा सुके बोंबील निवडत होते. म्हणाले, "क्षिती एम. ए.ला गेली, मावशीकडे राहते. तुला बोलली नाही?" मी म्हटलं, बोलली असेल काका, मीच विसरले. बघ, तुझ्यासाठी भर बाजारात खोटं बोलले.

आपल्यात जो काही गैरसमज झाला तो झाला. हिलरीच्या सायबर कॅफेत त्या शनिवारी तू उठून गेलीस, मला एक शब्द बोलू दिला नाहीस. तेही ठीक. पण शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला तू गास गावची कुठलीशी मुलगी घेऊन बसलीस. मी कॉलेजच्या फाटकापाशी तीन पेनं घेऊन उभी होते. तू माझ्या समोरून गेलीस. तुला दिसलं नाही हे खरं, पण मी तुला हाक मारली होती आणि कान तुझे शाबूत आहेत. राग आला मला. अजून आहे.

मावशी, तुमची भाची काय चीज आहे ते तुम्हाला माहीत असेलच, तरी ऐका. बारावीची पूर्वपरीक्षा, इतिहासाचा पेपर. मराठ्यांनी वसईचा किल्ला कधी घेतला? बाईसाहेब म्हणाल्या, सतराशे सदतीस. आता वसईच्या शेंबड्या पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी तो एकोणचाळीस सांगेल. मी गपचूप एकोणचाळीस लिहिलं. शेवटच्या दहा मिनिटांत हिने सगळा पेपर माझ्याकडून परत वाचून घेतला, ही हिची पद्धत. तिथे आल्यावर म्हणाली, "मी सदतीस म्हटलं होतं." मी कुजबुजले, अगं एकोणचाळीसच बरोबर आहे. म्हणाली, "मला माहीत नव्हतं ना? मग खोड आणि सदतीस लिही. चूक माझी आहे, ती माझी राहू दे."

मी खोडलं आणि सदतीस लिहिलं. मार्क गेला. पर्यवेक्षक बाई आमच्याकडे बघत राहिल्या आणि माझा तर आ वासलेला. असं माणूस मी आमच्या भुईगावात पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून नियम ठरला, तू सांगशील तेच लिहीन. परीक्षेत तरी मी तो कधी मोडला नाही.

मी फक्त मदत केली, क्षितिजा. उत्तर लिही, नाहीतर मावशींना लिहायला सांग.

तुझी
लूर्डस

भुईगाव
९ सप्टेंबर २००७

क्षितिजा,

मावशी, परवा फोन तुम्हीच उचललात. "पत्र मिळालं," म्हणालात, "ती कामात आहे," म्हणालात, आणि ठेवलात. बरं. मिळालं म्हणजे वाचलं, असं मी धरून चालते.

काल मारियामातेच्या जन्माचा सण होता. त्याआधी पापनिवेदनाला गेले आणि फादरना हिलरीच्या कॅफेतलं सगळं सांगितलं. फादर म्हणाले, "तिला सांगितलंस हे?" म्हटलं, पत्र लिहिलंय. "असंच लिहिलंस? की गैरसमज वगैरे?" जाळीपलीकडे बसून ह्यांना कसं कळतं कोण जाणे. तर आता गैरसमज हा शब्द मागे घेते आणि झालं तसं लिहिते. मावशी, तुम्हाला हे नवं असेल. रागावून पत्र मध्येच ठेवू नका.

गेल्या वर्षी क्षितिजाच्या अख्ख्या वर्गाने इंटरनेटवरच्या एका साइटवर बस्तान हलवलं. साइटचं नाव लिहीत नाही, तुम्ही उच्चारताना अडखळाल. तिथे प्रत्येकाचं एक पान, त्यावर फोटो, मित्रांची यादी, एकमेकांना चिठ्ठ्या आणि निरनिराळे समूह. सरांच्या नोट्स तिथे, कुठला धडा येणार ते तिथे, तास रद्द झाला तेही तिथेच. कॉलेजच्या नोटीस बोर्डाला कुत्रं विचारेना. आणि ही वर्गात बसून वर्गाबाहेर. दोनदा रद्द झालेल्या तासाला एकटी जाऊन बसली.

मग काकांनी बोलणाऱ्या प्रोग्रामची सीडी आणली आणि हिलरीने ती कॅफेतल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर चढवली. मावशी, ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मशीन बिघडलं. इंग्रजी आवाज, आणि असा सुसाट की एक अक्षर कळेना. ही मात्र मान तिरकी करून ऐकते आणि बोटं चालवते. हिलरीने विचारलं, "सावकाश करू काय?" ही म्हणाली, "अजून वाढव." हिलरी कपाळावर हात मारून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

नाव, जन्मतारीख, गाव, सगळं हिने स्वतः भरलं. शेवटी आली वाकड्यातिकड्या अक्षरांची पाटी. हे वाचून लिहा आणि मग आत या. मशीन "ग्राफिक" म्हणालं आणि मुकं झालं. हिलरी म्हणाला, "चित्र आहे ते. आत येणारा माणूस आहे की मशीन, ते तपासतात. माणसाला वाचता येतं, मशीनला नाही." तेव्हा तू काय म्हणालीस आठवतं? "म्हणजे मी मशीन ठरले." आणि हसलीस. मला नाही हसू आलं. मी अक्षरं वाचून दाखवली आणि तू आत गेलीस.

तिथपर्यंत मी लेखनिक होते. त्यापुढे आगाऊ झाले.

स्वतःबद्दल लिहायच्या पानावर मशीन नुसतं "एडिट, एडिट" करायचं, कुठल्या चौकटीत काय लिहायचं ते सांगायचं नाही. म्हणून कीबोर्ड माझ्याकडे आला. तू सांगितलंस, "मला दिसत नाही. मला विचारा, अंदाज करू नका." एवढंच. मी ते लिहिलं नाही. मला वाटलं, लोकांनी आधी तुला ओळखावं, दारातच "बिच्चारी" कशाला? मी आपला कळंबच्या सहलीतला तुझा काळ्या गॉगलमधला फोटो चढवला आणि खाली लिहिलं, "संध्याकाळी कळंबच्या किनाऱ्यावर सूर्यास्त बघत बसायला मला फार आवडतं." तू विचारलंस, "लिहिलंस?" मी म्हटलं, लिहिलं. तीन वर्षांत तू माझ्याकडून प्रत्येक पेपर परत वाचून घेतलास. त्या दिवशी घेतला नाहीस. विश्वास टाकलास, दुसरं काय.

पुढे तू फक्त शनिवारी यायचीस आणि पासवर्ड मला ठाऊक होता. मधल्या दिवसांत कोणी चिठ्ठी टाकली की मी तुझ्या नावाने उत्तर द्यायचे. आधी नुसतं थँक्यू. मग जरा थट्टा. तुझे पासष्ट मित्र झाले, आणि खरं सांगू, त्यातले निम्मे माझे होते.

मग तो फेब्रुवारीतला शनिवार. महाराष्ट्रभरच्या अंध विद्यार्थ्यांचा एक समूह तुला सापडला होता. पुस्तकं वाचून आवाजात भरून ठेवलेली, मशीन कसं वापरायचं त्याच्या युक्त्या, सगळं तिथे. तू आत घ्या म्हणून विनंती पाठवलीस आणि आठवडाभर देव पाण्यात घालून बसलीस. हेडफोन मोडलेला होता म्हणून हिलरीने स्पीकर लावला. कॅफे भरलेला. आणि मशीनने त्या सपाट आवाजात समूह चालवणाऱ्याचं उत्तर वाचलं. हा समूह फक्त दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी आहे. तुमच्या पानावर लिहिलंय की तुम्हाला सूर्यास्त बघायला आवडतो. कृपया आमची थट्टा करू नका.

तू ते दोनदा लावून ऐकलंस. मग तुझं स्वतःचं पान मशीनकडून वाचून घेतलंस, पहिल्यांदाच. मी बाजूला उभी, तोंडात मारल्यासारखी. तू काठी उघडलीस आणि म्हणालीस, "आता त्याला हात लावू नकोस." मला त्याच वेळी भोवळ यायला हवी होती, पण नाही आली. धडधाकट उभी राहिले आणि तुला एकटीला एसटीच्या थांब्याकडे जाताना बघत राहिले.

हे आहे झालं ते. अजून मी हात लावलेला नाही.

लूर्डस

भुईगाव
१८ नोव्हेंबर २००७

क्षितिजा,

काका पुन्हा पापडीला भेटले. म्हणाले, एम. ए.च्या पहिल्या वर्षाची सहा पुस्तकं ब्रेलमध्ये नाहीत, कॅसेटवरही नाहीत. मावशी रोज संध्याकाळी वाचून दाखवतात आणि त्यांचा घसा बसतो. मावशी, खडीसाखर आणि ज्येष्ठमध तोंडात धरा. काका म्हणाले, त्या समूहातल्या कोणीतरी हीच सहाच्या सहा पुस्तकं आवाजात भरून ठेवलीत, फक्त आतल्या लोकांसाठी. नवीन खातं काढायचं तर ती वाकडी पाटी आडवी येते. मावशी वाचून देतील, शेजारचे देतील, पण तू काकांना सांगितलंस म्हणे, "परक्या डोळ्यांनी त्या दारातून मी पुन्हा जाणार नाही." आणि एप्रिलमध्ये तुझी परीक्षा.

म्हणजे घोडं कुठे अडलंय ते मला नीट कळलं. तुझं जुनं खातं आत आहे. त्यावर माझं एक खोटं वाक्य आहे. ते काढून तुझं खरं वाक्य टाकायला मला दोन मिनिटं लागतील. इमेल पाठवून विचारलं असतं, पण तुझा इमेलही माझ्याच हाताने काढलेला, तू तो उघडतही नसशील.

समूह चालवणाऱ्याला मी एक चिठ्ठीही लिहून ठेवलीय, माझ्या नावाने. त्यात एवढंच, ती मुलगी खरी आहे, खोटी मी आहे. हिलरी म्हणतो, "पाठव की, पोरीचं वर्ष जाईल." माझाही हात शिवशिवतो. पण ती चिठ्ठी तुझ्याबद्दल आहे, आणि ती पाठवायला तू सांगितलेलं नाहीस. माझ्या मदतीने एकदा काय झालं ते पाहिलंय. म्हणून ती तशीच पडून आहे. तू सांग, मी लिहीन. सांगितल्याशिवाय आता एक काना सुद्धा नाही.

दुसरी एक गंमत सांगते, गंमत म्हणजे माझी फजिती. मी हिलरीला म्हटलं, मला क्षितिजाच्या कॉम्प्युटरवर बसू दे. मॉनिटर बंद केला. डोळे मिटायची गरजच नाही, काळी काच बघत बसायचं. माऊसला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी पाऊण तासात मला एक इमेल उघडता आला नाही. मशीन "लिंक, लिंक, लिंक, ग्राफिक" करत राहिलं आणि मी रडकुंडीला आले. चौथ्या दिवशी उघडला. आता दीड महिना झाला. वेग इतका कमी ठेवलाय की हिलरी म्हणतो तुझं मशीन जांभया देतंय. काल तुझा जुना वेग लावून पाहिला. दहा मिनिटं ऐकलं आणि मला फक्त माझं नाव कळलं.

क्षितिजा, तू ह्याच्यात पुस्तकं वाचायचीस. चिठ्ठ्या वाचायचीस आणि हसायचीससुद्धा, आमच्या आधी. मी इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसून समजत होते की मी तुझे डोळे आहे. अगं, त्या काळ्या काचेसमोर बसल्यावर कळलं की तू तिथे जे करत होतीस ते करायची माझी पात्रता नाही. मी नुसतं दार उघडून दिलं होतं, आणि त्यासाठी स्वतःला केवढी मोठी समजत होते.

मावशी, हे गाळू नका, लाज वाटली तरी वाचा. लाज माझी आहे.

लूर्डस

भुईगाव
२७ डिसेंबर २००७

क्षितिजा,

नाताळ झाला. आईने तुझ्या वाटणीच्या करंज्या डब्यात काढून ठेवल्या. दरवर्षी तू यायचीस म्हणून हात तसाच पडला तिचा. मग आम्हीच खाल्ल्या. उत्तर नाही म्हणून मी रागवायचं सोडून दिलंय, तुला वाटेल तेव्हा लिही.

एक कबुली आहे. चोवीस तारखेला मी तुझ्या खात्यात शिरले. सूर्यास्ताचं वाक्य समोर होतं. कर्सर त्याच्या शेवटी नेऊन ठेवला. सणाचा दिवस, मनात म्हटलं हीच तुला भेट. तुझी एप्रिलची परीक्षा आठवली, मावशींचा घसा आठवला. मग तुझं सदतीस आठवलं. काही न खोडता बाहेर पडले. तुला चांगलं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. शिरले हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

त्या समूहाचं पहिलं पान बाहेरूनही वाचता येतं. तिथे लिहिलंय की वाकड्या पाटीबद्दल प्रत्येकाने आपापल्या नावाने कंपनीला कळवा. आपापल्या नावाने म्हटल्यावर मला परवानगी मिळाल्यासारखं झालं. मी माझ्या नावाने लिहिलं. त्यात तुझं नाव घातलं नाही. एवढंच लिहिलं की मला दिसतं, आणि तरी तुमची पाटी मला तीनदा चुकली, मग मी माणूस आहे की नाही? हिलरीने इंग्रजी सुधारून दिलं. दुसऱ्या मिनिटाला उत्तर आलं, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. हिलरी म्हणाला, "हे मशीनने पाठवलंय." म्हणजे तिकडच्या मशीनला कोणी पाटी वाचायला लावत नाही.

लूर्डस

भुईगाव
ईस्टरचा सोमवार, २४ मार्च २००८

क्षितिजा,

घाईत लिहितेय, टपाल निघायच्या आत टाकायचंय. परवा हिलरीने सायकलवरून वाडीत निरोप आणला. त्या वाकड्या पाटीच्या बाजूला आता एक छोटं चिन्ह आलंय. त्यावर गेलं की पाटी बोलते. किती जणांनी लिहिलं असेल देव जाणे. दार बोलायला लागलं गं.

मी मॉनिटर बंद करून बसले, हिलरी शेजारी. चिन्हावर गेले, एंटर दाबलं. क्षितिजा, काय सांगू. पापडीच्या बाजारात पलीकडच्या टोकाला कोणी आकडे ओरडतंय आणि अलीकडे पन्नास बायका भांडतायत, तसा आवाज. मशीनने ऐकू नये म्हणून मुद्दाम गोंगाट घातलाय म्हणे. आम्ही अकरा वेळा ऐकलं. हिलरीला दोन आकडे कळले, मला एक, आणि तोही वेगळा. मग हिलरीच्या बहिणीला बोलावलं, ती घाबरूनच गेली.

तेव्हा आनंद आणि निराशा एकदमच कळवते. दार बोलतंय, पण जे बोलतंय ते माणसाच्या कानाला कळेल असं मला वाटत नाही. आणि तुझी परीक्षा तोंडावर. तरी चिन्ह पाटीच्या उजवीकडे आहे, टॅब दाबत गेलीस की मिळेल. मी तुझ्यासाठी ऐकणार नाही, आणि ऐकलं तरी मला कळत नाही.

लूर्डस

भुईगाव
रविवार, २० जुलै २००८

क्षितिजा,

हे सहावं. ह्याला टपालाचं तिकीट नाही आणि ह्यात मावशींना नमस्कारही नाही, कारण हे फाइलमधून थेट तुझ्याकडे येणार, वाटेत त्या नाहीत.

सगळं ओळीने लिहिते, कारण माझं मलाच अजून खरं वाटत नाही. जूनच्या अठ्ठावीस तारखेला मी हिलरीकडे माझं खातं उघडलं, मॉनिटर बंदच होता, आता मला तशी सवय झालीय. मशीन म्हणालं, एक नवीन मैत्रीची विनंती. नाव तुझं. मला वाटलं जुनंच खातं काहीतरी करतंय. पान उघडलं. फोटो नाही. मशीनने त्याच्या इंग्रजी तोंडाने वाचलं, मला दिसत नाही, मला विचारा, अंदाज करू नका. मी मॉनिटर लावला आणि डोळ्यांनी वाचलं. मग हिलरीला वाचायला लावलं. तिघांनी वाचलं म्हणजे खरं.

मागाहून तू सांगितलंस म्हणून कळलं. पाटी तू एप्रिलमध्ये, परीक्षेच्या आठ दिवस आधी, विद्यापीठाच्या लॅबमध्ये ऐकलीस. पहिल्याच खेपेला सहाच्या सहा आकडे. मी विचारलं, त्या गोंगाटात कसं ऐकलंस? तू लिहिलंस, "लूर्डस, मी रोज अशाच गोंगाटात रस्ता ओलांडते." हिलरीला हे सांगितलं तर तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. मीही त्याच्याबरोबर उभी होते. त्याच दिवशी समूहात शिरलीस, आठ दिवसांत त्या वेगात सहा पुस्तकं ऐकलीस आणि पास झालीस. कोणाच्या डोळ्यांनी नाही, माझ्या पत्रांनी तर मुळीच नाही.

कारण दोन दिवसांनी तुझी चिठ्ठी आली. "एक फोटो टाकलाय. मावशीने काढलाय. ती म्हणते छान आलाय. मला छान नकोय. फोटोत काय आहे ते लिही. जे आहे तेच."

मी फोटो उघडला. वर्षभराने तुला बघितलं. मग लिहिलं, तसंच इथे उतरवते. तू खुर्चीत बसलीस. पिवळा ड्रेस, ओढणी एका बाजूला घसरलेली. डावा डोळा अर्धा मिटलेला. केस विस्कटलेले. उजव्या कोपऱ्यात मावशींचं बोट आलंय. मागे भिंतीवर पंख्याचं बटण आणि कॅलेंडर. तुझ्या मांडीवर पाकिटांचा गठ्ठा, लाल रबर लावलेला. तू तो पंख्यासारखा पसरून धरलायस. वरचं अक्षर माझं. पाकिटं पाच. पाचही बंद.

शेवटचे दोन शब्द लिहायला मला फार वेळ लागला. "पाच पाकिटं" म्हणून सोडून देता आलं असतं. वर्षभर मी मावशींना चष्मा लावायला सांगत होते, घशाला ज्येष्ठमध सांगत होते, गाळू नका म्हणून विनवत होते, आणि माझी पत्रं रबरात बांधून पडली होती. रडले मी, क्षितिजा. कॅफेत, लोकांसमोर. हिलरीने पंखा माझ्याकडे वळवला. मग लिहिलं, पाचही बंद, आणि पाठवलं.

तुझं उत्तर मी शंभरदा ऐकलंय. "बरोबर. पाचही बंद. पहिलं आलं तेव्हा मावशी वाचायला बसली होती, मी नको म्हटलं. तू मला जे लिहिलं असशील ते मला दुसऱ्याच्या तोंडून नकोय. मी स्वतः वाचेन तेव्हाच वाचेन, असं ठरवलं. आता लॅबमध्ये देवनागरी वाचणारा आवाज आलाय, मराठी हिंदी चालीत वाचतो, पण वाचतो. गठ्ठा परत पाठवतेय. तूच फोड, तूच टाइप कर, फाइल पाठव."

गठ्ठा आठवड्याने आला. रबर तेच, चिकटवलेल्या कडा तशाच. आईने विचारलं, "तुझीच पत्रं तुलाच आली?" म्हटलं, हो. आईने विळी घेतली आणि पाकिटं कापून दिली.

मराठी टायपिंग मला येत नव्हतं. बारा दिवस हिलरीकडे एकेक अक्षर शोधत बसले. आणि एकेक ओळ टाइप करताना लक्षात आलं की तू मला काय दिलंयस. ही पत्रं माझ्याशिवाय कोणी वाचलेली नाहीत. मी त्यात काहीही बदललं तर तुला कधी कळणार नाही. पहिल्या पत्रात "मी फक्त मदत केली" आहे, ते वाचून मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. ते काढून टाकलं असतं तर मी किती शहाणी दिसले असते. पेपर परत वाचून घ्यायला ह्या वेळी तू शेजारी नाहीस. तरी गठ्ठा पाठवलास. इतका मोठेपणा कुठून आणतेस तू, मला खरंच कळत नाही.

तेव्हा आधीची पाचही पत्रं ह्या फाइलमध्ये ह्याच्या वर आहेत, लिहिली होती तशी. गैरसमज आहे, मदत आहे, आगाऊपणा आहे, मावशींना केलेल्या सूचना आहेत, त्या ऐकून त्या हसतील तर हसू देत. मी सगळं दोनदा ताडून पाहिलं. एक कानाही हलवलेला नाही. चुका माझ्या आहेत, त्या माझ्या राहू देत.

जुनं खातं अजून तसंच आहे, सूर्यास्तासकट. त्याचं काय करायचं ते सांग. सांगशील तेच करीन.

आणि तुझं मशीन किती जोरात पळतं ते मला माहीत आहे. ह्या वेळी जरा सावकाश लाव.

लूर्डस